थकलेला पगार आणि पैनगंगा

२०२४ च्या मे महिन्यातली गोष्ट. मगरीबची नमाज आटोपून मी घराच्या ओट्यावर वाऱ्याला बसलो होतो. किनवटचा उन्हाळा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या वेळच्या वाऱ्याची किंमत सांगायला नको. आमच्या गल्लीतला एक पोरगा आला. आयटीआय झालेला, भाड्याची जीप चालवणारा. वडील नाहीत. घरात आई आणि लग्नाची बहीण. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाला, "चाचा, जरा ये कागद देखो. तुम पढे-लिखे हो."

मी बी. ए. झालेला माणूस. गावात चार लोक मला कवी म्हणून ओळखतात. त्यामुळे कोणाचा अर्ज, कोणाची नोटीस वाचायची असली की माणसे माझ्याकडे येतात. पण हा कागद मला वाचता येईना. तीन पाने होती. अक्षरे इंग्रजीसारखी दिसत होती, पण इंग्रजी नव्हती. काही तर आरशात पाहिल्यासारखी उलटी. पोराने सांगितले, रशियाचा कागद आहे. तिथे हेल्परचे काम. महिना दोन लाख. एजंटाला आधी तीन लाख द्यायचे.

"लढाई नाही ना?" मी विचारले.

"नाही चाचा. सामान उचलायचं, खंदक खणायचे. एजंट म्हणाला, लढाई पुढे असते, आपण मागे असतो."

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सीबीआयने अशा एजंटांवर देशभर छापे घातले होते. हैदराबादचा एक आणि सुरतचा एक तरुण युक्रेनच्या आघाडीवर मारला गेल्याच्या बातम्या आल्या होत्या. गुलबर्ग्याची पोरे तिथे अडकली होती. हे सगळे मी त्याला सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "ते लोक वेगळे, चाचा. आपला एजंट ओळखीचा आहे."

हे वाक्य ऐकले आणि मला माझ्या पणजोबांची आठवण झाली. पणजोबांना मी पाहिलेले नाही. पण तेही असेच कोणी ओळखीचा माणूस भेटला म्हणून या मुलखात आले होते.

आमचे घराणे रोहिल्यांचे. पणजोबा उत्तरेकडून निघाले ते निजाम महबूब अली खान यांच्या कारकिर्दीत. आपल्याच गावच्या एका जमादाराचा हात धरून ते हैदराबादेत पोचले आणि तिथून सरकारी खजिन्यावरच्या पहाऱ्यासाठी किनवटला आले. माझे आजोबाही त्याच नोकरीत होते. आम्ही नातवंडे त्यांना दादा म्हणत असू, पण मराठी वाचकांचा घोळ होऊ नये म्हणून इथे आजोबाच म्हणतो. त्यांच्या खात्याचे नाव होते नज्म-ए-जमियत. उर्दूत 'नज्म' म्हणजे व्यवस्था, बंदोबस्त, आणि नज्म म्हणजे कविताही. मी कविता लिहू लागलो तेव्हा आजोबा हसून म्हणाले होते, "आमच्या नज्मने पोट भरलं नाही, तुझ्या नज्मने काय भरणार?"

त्यांच्या या बोलण्यात गमतीइतकेच दुःख होते, हे मला फार उशिरा कळले.

नज्म-ए-जमियत म्हणजे निजामाची बेकायदा फौज. इथे 'बेकायदा' शब्दाचा अर्थ कायदा मोडणारी असा नाही. जिला कवायत नाही, गणवेश नाही, कंपनी-पलटणीची रचना नाही ती बेकायदा. तिच्यात अरब होते, रोहिले होते, शीख होते. अरब आले ते येमेनच्या पूर्वेकडच्या हद्रमौत नावाच्या कोरड्या मुलखातून. शीख आले ते महाराजा रणजितसिंहांच्या काळात, निजामाचे दिवाण राजा चंदुलाल यांच्या मागणीवरून. त्यांना लाहोरी फौज म्हणत. नांदेडच्या आणि हैदराबादच्या दखनी शिखांमध्ये त्या शिपायांचे वंशज आजही आहेत. एका अर्थाने ही त्या काळची परदेशी पलटणच होती.

हिची भरती सरकार करीत नसे. भरती करायचा जमादार. शंभर माणसांचा ठेका घेतला की शंभरांचा पगार दिवाणाकडून जमादाराच्या हाती पडायचा. मग तो ऐंशीच माणसे उभी करून वीसांचा पगार खिशात घाली, आणि उरलेल्यांना कधी देई, कधी न देई. शिपायाला राजा ठाऊक नसायचा. त्याला ठाऊक असायचा तो आपला जमादार. इमान त्याच्याशी, भांडणही त्याच्याशीच.

घोडदळात आणखी एक तऱ्हा होती. स्वतःचे घोडे आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. रिसाल्यातल्या एका जागेला 'असामी' म्हणत आणि ही असामी पैसे मोजून घ्यावी लागे. म्हणजे नोकरी लागण्याआधीच माणूस कर्जात. आमच्या गल्लीतल्या पोराला एजंटाने मागितलेले तीन लाख रुपये मला नवे वाटले नाहीत, ते याच कारणाने.

पगार थकला की अरब शिपाई देणेकऱ्याच्या दारात धरणे धरून बसत. घरातल्या माणसाला बाहेर पडू देत नसत. आणि थकलेली रक्कम मोठी असली की जमादार तालुकाच गहाण लिहून घेत. तालुक्याचा वसूल तेच गोळा करीत. वसूल म्हणजे अर्थात कुणब्याच्या घरातली ज्वारी. राजाने शिपायाचे बुडवले ते शिपायाने कुणब्याकडून काढले, आणि गावकऱ्यांच्या लक्षात राहिला तो दारात उभा असलेला अरब, रोहिला. दिवाणाचे नाव गावाला माहीतच नव्हते.

या धंद्यात काही जण फार वर गेले. उमर बिन अवद नावाचा एक कुआयती जमादार हैदराबादेत इतका धनवान झाला की त्याच कमाईच्या जोरावर त्याच्या घराण्याने हद्रमौतमध्ये स्वतःचे राज्य उभे केले. ते राज्य १९६७ पर्यंत टिकले. पण जमादारामागे जे शेकडो शिपाई होते, त्यांची नावे कुठे सापडत नाहीत.

त्यांचे काय होत असे, याचे एक उदाहरण आपल्याच भागात घडले. १८१७-१८ च्या युद्धात पेशवाई बुडाली, नागपूरकर भोसल्यांचा पाडाव झाला. या सगळ्यांच्या पदरी अरब शिपाई होते. नागपुरात सीताबर्डीच्या लढाईनंतर त्यांनी शहर अडवून धरले आणि आपल्या बायकामुलांसह सुखरूप वाट मिळेल असे वचन घेऊनच ते बाहेर पडले. मालेगावचा किल्लाही अरबांनीच लढवला. मालक हरला होता. नोकर मात्र लढत होते, कारण त्यांना जायला दुसरी जागा नव्हती. ज्यांना कोणी ठेवून घेईना, त्यातले बरेच जण छोट्या सरदारांकडे गेले. हदगाव भागात नाव्ह्याची गढी होती. तिथे नोवसाजी नाईक हे हटकर सरदार निजामाला आणि इंग्रजांना जुमानत नव्हते. त्यांनी पाचशेच्या आसपास अरब ठेवले.

जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन रसेल ब्रिगेड घेऊन नाव्ह्यावर चालून आला. वेढा जवळजवळ महिनाभर चालला. सुरुंग लावून तट पाडले आणि हल्ला केला. आतले अरब बहुतेक सगळे मारले गेले. नोवसाजी नाईकांना हैदराबादला नेले, तिथेच त्यांचा अंत झाला. नाईकांचे नाव निदान या भागात टिकले, आज त्यांची आठवण काढली जाते. पण कुठल्या वाळवंटातून आलेली ती पाचशे माणसे हदगावच्या काळ्या मातीत पुरली गेली, त्यातल्या एकाचेही नाव मला आजवर कुणी सांगितलेले नाही.

आता त्या रसेल ब्रिगेडची गोष्ट ऐका, कारण तिचा संबंध थेट आमच्या नदीशी आहे.

१८०० च्या तहाने निजामाने इंग्रजांना कबूल केले होते की युद्ध झाले तर सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीला देऊ. हेन्री रसेल हा रेसिडेंट हैदराबादला होता. त्याने १८१३ मध्ये निजामाच्या पैशाने कवायती पलटणी उभारायला सुरुवात केली. हीच पुढे हैदराबाद कंटिंजंट झाली. अधिकारी इंग्रज, शिपाई बरेचसे अवधकडचे, रिसाल्यात हिंदुस्थानी आणि दखनी मुसलमान. आपल्या मराठवाड्यात हिंगोली आणि औरंगाबाद इथे त्यांच्या छावण्या होत्या. फौज निजामाच्या नावाची, हुकूम इंग्रजांचा, आणि खर्च सालाला चाळीस लाखांच्या घरात. लढाई नसली तरी ही फौज ठेवायचीच होती.

पगाराला पैसे कमी पडू लागले तेव्हा पामर आणि कंपनी नावाच्या पेढीने उसने दिले. नाव पामर, पण व्याज भरमसाट. ती पेढी १८२४ मध्ये बुडाली, देणे मात्र राहिले. नंतर कंपनी सरकारच आपल्या तिजोरीतून पगार भागवू लागले आणि वहीत निजामाच्या नावे लिहू लागले. आकडा फुगत गेला. चाळीस लाखांच्या वर गेला तेव्हा लॉर्ड डलहौसीने तगादा लावला. २१ मे १८५३ रोजी निजाम नासिरुद्दौला यांनी तहावर सही केली. कंटिंजंटच्या पगारासाठी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा भाग इंग्रजांकडे गेला. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. १९०२ मध्ये सालिना पंचवीस लाखांच्या बोलीने ते कायमचे पट्ट्याने गेले.

किनवटच्या पुलावर उभे राहून पाहा. खाली पैनगंगा वाहते. अलीकडे नांदेड जिल्हा, पलीकडे यवतमाळ. आज ही साधी जिल्ह्याची हद्द आहे. पण १८५३ पासून जवळजवळ शंभर वर्षे या नदीच्या एका काठावर निजामाचा अंमल होता आणि दुसऱ्या काठावर इंग्रजांचा. दोन्हीकडे माणसे तीच. अंध, गोंड, बंजारे, कुणबी, मुसलमान. सोयरीक नदीपार, बाजार नदीपार. तरीही नाणे वेगळे, कायदा वेगळा, दप्तराची भाषा वेगळी. ही रेघ कुठल्या लढाईने पडली नाही. ती शिपायांच्या थकलेल्या पगाराने पडली. शाळेत आम्हाला तहांच्या सनावळ्या पाठ करायला लावल्या, पण ही साधी गोष्ट कोणी सांगितली नाही.

त्याच फौजेतला रिसाला पुढे ब्रिटिश हिंदी सैन्यात मिसळला आणि त्यातून डेक्कन हॉर्स झाली. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत डेक्कन हॉर्सचे स्वार भाले घेऊन मशीनगनसमोर धावले. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक मूर्ती हैदराबादच्या लान्सरची आहे. म्हणजे आपल्याकडच्या माणसाने युरोपच्या लढाईत जाणे हेही काही आजचे नाही.

मध्ये सत्तावन्नचा उठाव येऊन गेला. नारखेडचे पटवारी रंगराव हे नानासाहेब पेशव्यांकडून जाहीरनामा घेऊन परतले आणि देगलूरपलीकडच्या कौलासच्या राजा दीपसिंहांच्या आश्रयाने रोहिल्यांची जमवाजमव करू लागले. कट फुटला. रंगरावांना अंदमानला पाठवले, राजाला तीन वर्षे कैद झाली. तिकडे निर्मळच्या रानात रामजी गोंड यांच्याबरोबर गोंड आणि रोहिले खांद्याला खांदा लावून लढले. १८६० मध्ये रामजींना निर्मळला फाशी दिले. किनवट तेव्हा त्याच टापूतले. १९५६ पर्यंत आमचा तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. पगारासाठी आलेला रोहिला एका पिढीत गोंडाबरोबर मरायला तयार होतो, हे मी आजोबांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "त्यात नवल काय? जिथे रोटी, तिथे मिट्टी."

पण मिट्टी सगळ्यांना मिळतेच असे नाही. इथे मला १९४७-४८ कडे यावे लागते. हा भाग बोलायला सोपा नाही, आणि मुसलमान म्हणून तो मी टाळला तर तुम्हीही मला माफ करू नये.

रझाकार या शब्दाचा मूळ अर्थ स्वखुशीने काम करणारा. इत्तेहादुल मुसलमीनची ही स्वयंसेवक संघटना. तिचा सेनापती कासिम रझवी आपल्याच लातूरला वकिली करणारा. जमादार पगाराचे वचन देऊन माणसे जमवायचा. रझवीने भाषणांवर माणसे जमवली. त्याची भाषणे ऐकून हजारो पोरे खाकी घालून कवायत करू लागली. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ त्यातलेच. वय वीस. भावाची नोकरी खजिन्यावरची, घरात पगार दोन-दोन महिने यायचा नाही. त्याला कुणीतरी गणवेश आणि बरची दिली. आजोबांनी त्याला मारले, घरात कोंडले. तो खिडकीतून पळाला.

रझाकारांनी जे केले ते मराठवाड्याच्या गावागावांत लोकांना तोंडपाठ आहे. लुटी, जाळपोळ, बायकांची विटंबना. कितीतरी कुटुंबे रातोरात पैनगंगा ओलांडून उमरखेडला, पुसदला गेली. पगाराच्या देण्यापायी पडलेली ती रेघ त्या दिवसांत जीव वाचवणारी रेघ झाली. पलीकडे स्टेट काँग्रेसच्या सैनिकी छावण्या होत्या. तिथेही भरती चाले. विशी-पंचविशीतली पोरे बंदूक चालवायला शिकत. ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली ती याच लढ्याच्या खर्चासाठी. आणि रझाकारांविरुद्ध लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान हे मुसलमानच होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. हे नाव मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत सांगायला हवे.

१३ सप्टेंबरला हिंदी सैन्य आत आले, १७ तारखेला निजाम शरण आला. मराठवाडा मुक्त झाला. ही मुक्ती माझीही आहे. मी मराठीत लिहितो, मत देतो, सरकारविरुद्ध बोलतो, ते त्या दिवसामुळेच. पण त्यानंतरच्या काही आठवड्यांत जे घडले तेही इतिहासच आहे. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये दौरा केला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक हानी झाली, आणि संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेली असावीत असा तिचा अंदाज होता. रझाकार पळाले, सापडली ती मागे राहिलेली माणसे. आपल्या जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही त्या अहवालात नोंद आहे. तो अहवाल कित्येक दशके दडून राहिला.

आमच्या घराची नोंद त्यात नाही, पण गोष्ट तीच आहे. नदीकाठच्या एका बंजारा तांड्याच्या नाईकाने आजोबांना, आजीला आणि दहा वर्षांच्या माझ्या वडिलांना अकरा दिवस आपल्या घरात ठेवले. त्या नाईकाच्या नातवाच्या लग्नात मी वाढप्याचे काम केले आहे. आजोबांचा भाऊ मात्र परत आला नाही. तो कुठे पडला, कुणी मारला, त्याने कुणाला मारले, काहीच कळले नाही. आजी त्याच्या नावाने शेवटपर्यंत एक भाकरी जास्त टाकायची.

मग बेकायदा फौज मोडली. नोकऱ्या गेल्या. अरब आणि पठाण हे परदेशी आहेत, असे म्हणून अनेकांना स्थानबद्ध केले, कित्येकांना जहाजात बसवून पाठवले. त्यातले कितीतरी इथेच जन्मलेले, दखनी बोलणारे, हद्रमौत किंवा पेशावर नकाशावरही न पाहिलेले. आजोबांना चौकशीला बोलावले. "मूळचे कुठले?" असे विचारले. आजोबांनी सांगितले, "किनवटचा." लिहिणाऱ्याने पुन्हा विचारले, "त्याआधी?" हा 'त्याआधी' मी माझ्याही आयुष्यात पुष्कळदा ऐकला आहे, साहित्य संमेलनाच्या मांडवातसुद्धा. म्हणून मला वाटते, दुसऱ्याच्या लढाईत जाणाऱ्याने आपला पगार विचारावाच, पण आपल्या नातवाला पुढे काय विचारले जाईल याचाही एकदा विचार करावा.

आता पुन्हा त्या पोराच्या कागदाकडे येतो. तो गेल्यावर मी युक्रेनच्या भरतीविषयी मिळेल ते वाचू लागलो. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला. युक्रेनने त्याच दिवशी सार्वत्रिक भरती जाहीर केली. अठरा ते साठ वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी झाली. सुरुवातीला भरतीच्या कचेऱ्यांपुढे रांगा होत्या. शिक्षक, गायक, सुतार रांगेत उभे राहिले. २७ तारखेला अध्यक्ष झेलेन्स्की यांनी परदेशी स्वयंसेवकांनाही हाक दिली. कोइम्बतूरचा एक विद्यार्थी त्या पलटणीत गेल्याचे आपण तेव्हा वाचले असेल.

युद्ध लांबले तशा रांगा संपल्या. एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचे वय सत्तावीसवरून पंचवीसवर आणले. छत्तीस महिने सेवा झालेल्याला घरी सोडण्याची तरतूद नव्या कायद्यात होणार होती, ती ऐनवेळी वगळली. आघाडीवरच्यांच्या बायका आणि आया कीव्हच्या चौकात फलक घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचे म्हणणे होते, लढू नका असे आम्ही म्हणत नाही, पण मुदत सांगा. भरतीचे अधिकारी रस्त्यात माणसे अडवून नेतात म्हणून पुरुष घराबाहेर पडेनासे झाले. दुसरीकडे एकेका ब्रिगेडने स्वतःच्या जाहिराती लावल्या. आमच्याकडे या, तुमचे काम तुम्ही निवडा. ड्रोन चालवणारा, वाहनचालक, आचारी. लोक म्हणत, सरकारचा भरवसा नाही, पण त्या अमुक कमांडरचा आहे. हे वाचताना मला आमचा जमादार दिसू लागला. शिपाई राजाच्या नावावर जात नाही, ओळखीच्या माणसाच्या शब्दावर जातो. दोनशे वर्षांत यात फरक पडलेला नाही.

एक फरक मात्र मी विसरत नाही. युक्रेनचा शिपाई आपल्या गावासाठी लढतो आहे. आमची पोरे गेली ती दुसऱ्या बाजूला, आणि ना गावासाठी, ना धर्मासाठी. बहिणीच्या लग्नासाठी आणि कर्जासाठी. परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले की रशियन सैन्यात गेलेले १२६ भारतीय माहीत आहेत. त्यातले ९६ परतले, १२ मेले, १६ बेपत्ता. परदेशी राजासाठी हिंदुस्थानात होणाऱ्या भरतीवर सरकारला बंदी घालता यावी, असा कायदा आपल्याकडे १८७४ मध्येच झाला. पण मोबाइलवर येणारा जमादार कायद्याला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोराच्या घरी गेलो. त्याच्या आईला बसवून हे सगळे सांगितले. नाव्ह्याचे अरब, गहाण पडलेले तालुके, खिडकीतून पळालेला पोर, जादा भाकरी. डलहौसी वगैरे तिला कळला नसावा. भाकरीचे कळले. पोरगा रागाने उठून गेला. आठ दिवसांनी तो एजंटाला कागदपत्रे द्यायला निघाला तेव्हा पासपोर्ट सापडेना. सगळे घर उलथेपालथे केले. पासपोर्ट माझ्या कपाटात होता, माझ्या कवितांच्या वह्यांखाली. त्याच्या आईने तो पहाटेच माझ्या बायकोच्या हाती आणून दिला होता.

वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. आता आदिलाबादला एका ट्रॅव्हल्सची गाडी चालवतो. परवा रस्त्यात भेटला. मी विचारले, "कसं चाललंय?"

"दोन महिन्यांचा पगार थकलाय, चाचा," तो म्हणाला. मग थोडे थांबून म्हणाला, "पण मालकाच्या दारात जाऊन बसता येतं."

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)